घोड्याचे छायाचित्र आणि भर दुपारचे ऊन

छायाचित्रण शिकू लागणाऱ्यास बहुधा पहिला उपदेश असा मिळतो, की चित्रे सकाळी अथवा सायंकाळी घ्यावीत आणि दुपारी कॅमेरा पेटीत ठेवावा. हा उपदेश चुकीचा नाही. परंतु तो नेहमी पाळता येतो असेही नाही. घोड्यांचे बाजार दिवसभर चालतात, शर्यती दुपारी होतात, आणि घोड्यांची नोंद करावयास आलेला पशुवैद्य सूर्यास्ताची वाट पाहत थांबू शकत नाही.

हे चित्र केवळ हौसेखातर घेतले जाते असे नव्हे. घोड्याची ओळख पटविण्यासाठी त्याच्या कपाळावरील चांदणी, तोंडावरील पट्टा, पायांचा पांढरेपणा आणि केसांचे भोवरे यांची नोंद करावी लागते. या नोंदीस छायाचित्राची मोठी मदत होते. आज तर दूरच्या गावचा ग्राहक मोबाइलवर आलेले चित्र पाहूनच घोडा बघावयास जावे किंवा नाही, हे ठरवितो. अशा चित्रात कपाळावरील चांदणी उन्हात विरून गेली किंवा पायातील व्यंग सावलीत लपले, तर त्या चित्राने पाहणाऱ्याची फसवणूक केली असेच म्हणावे लागेल. म्हणून भर दुपारच्या उन्हात नेमके काय बिघडते आणि त्यावर कोणते उपाय योजता येतात, याचा विचार या लेखात केला आहे.

उजेडाची वाटणी

निरभ्र आकाश असताना मध्यान्हीच्या सुमारास उघड्या जमिनीवर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता सुमारे १,००,००० लक्स असते. तेथेच एखाद्या वस्तूच्या सावलीत, केवळ आकाशातून येणाऱ्या उजेडात, ती साधारणतः १०,००० ते २०,००० लक्स भरते. दिवाणखान्यातील दिव्याच्या मानाने सावलीतील हा उजेडही पुष्कळ आहे. तेव्हा दुपारी उजेड कमी पडतो असे नाही, किंवा तो निव्वळ फार होतो असेही नाही. उन्हातील भागास सावलीतील भागापेक्षा पाचपट ते दहापट प्रकाश मिळतो, ही खरी अडचण होय.

आता यात घोड्याच्या रंगाची भर पडते. पांढरा कागद आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा ८० ते ९० भाग परत पाठवितो; काळे कापड शेकडा तीनचार भागच परत पाठविते. पंचकल्याणी काळ्या घोड्याच्या अंगावर हे दोन्ही टोकांचे रंग एकत्र आलेले असतात. कपाळावरील पांढरा पट्टा उन्हात आहे आणि काळे पोट सावलीत आहे, असे समजू. रंगामुळे सुमारे वीसपट आणि उन्हामुळे सुमारे आठपट, मिळून दोहोंतील तफावत १६० पटींच्या घरात जाते. चांगल्या छापील चित्रातही सर्वांत पांढरा व सर्वांत काळा भाग यांतील फरक शंभरपटींच्या आसपासच असतो. आपला डोळा घोड्याच्या अंगावरून फिरताना क्षणोक्षणी स्वतःस जुळवून घेतो, म्हणून आपणांस पट्टाही दिसतो आणि पोटही दिसते. कॅमेऱ्यास मात्र साऱ्या दृश्यासाठी प्रकाशाचे एकच माप ठरवावे लागते.

दुपारच्या सावल्या कठोर का वाटतात, याचेही कारण साधे आहे. पृथ्वीवरून पाहता सूर्यबिंबाची रुंदी सुमारे अर्धा अंश भरते. एवढ्या लहान प्रकाशस्रोतामुळे सावलीच्या कडेचा धूसर पट्टा अगदी अरुंद राहतो. सावली पाडणारी वस्तू आणि सावली जेथे पडते ती जागा यांतील अंतराच्या सुमारे एकशेदहावा भाग, एवढी त्या पट्ट्याची रुंदी असते. आयाळीची बट मानेपासून तीन सेंटिमीटर दूर असेल, तर तिच्या सावलीची कड पाव मिलिमीटरइतकीच पुसट होते. ती सुरीने कापल्यासारखी दिसते आणि दुरून पाहणाऱ्यास तो मानेवरील डाग वाटण्याचा संभव असतो.

सूर्य किती उंच आहे?

‘दुपार’ हा शब्द घड्याळातील वेळ दाखवितो; छायाचित्रकारास मात्र सूर्याची उंची पाहावयाची असते. घोड्याची पाठ साधारणपणे आडवी असते आणि कूस साधारणपणे उभी असते. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असेल आणि घोड्याची कूस त्याच्याकडे असेल, तर पाठ व कूस या दोहोंस थेट उन्हाचा सारखाच वाटा मिळतो. कमाल मापाच्या शेकडा ७१ भाग. सूर्य ८० अंशांवर चढला म्हणजे पाठीस शेकडा ९८ भाग मिळतात आणि कुशीस केवळ १७ भाग. म्हणजे पाठ कुशीपेक्षा जवळजवळ सहापट उजळते. सूर्य अगदी डोक्यावर आला, तर कुशीवर थेट ऊन पडतच नाही. पाठ पांढुरकी, पोट काळे आणि डोळ्यांच्या जागी दोन खळगे, अशी जी चित्रे आपण पाहतो ती या भूमितीतून निर्माण होतात.

मुंबईत मे महिन्याच्या मध्यास सूर्य मध्यान्ही जवळजवळ माथ्यावर असतो. त्या वेळी घड्याळात साडेबारा वाजून गेलेले असतात. कारण भारतीय प्रमाणवेळ मुंबईच्या बऱ्याच पूर्वेकडील रेखांशावरून ठरविलेली आहे. याउलट आपल्या देशातील घोड्यांचे काही प्रसिद्ध बाजार हिवाळ्यात भरतात. राजस्थानातील पुष्करचा मेळा कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास असतो. बिहारातील सोनपूरचा मेळाही त्याच पौर्णिमेशी निगडित आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीस यात्रा भरते. ही तीन स्थळे एकमेकांपासून दूर आहेत. परंतु अक्षांश आणि ऋतू यांचा हिशेब केल्यास या दिवसांत तिन्ही ठिकाणी मध्यान्हीच्या सूर्याची उंची ४५ अंशांच्या जवळपास येते. मुंबईस मे महिन्यात सूर्य इतका खाली यावयास दुपारचे पावणेचार वाजतात. तेव्हा पुष्करच्या बाजारात भर दुपारी घोड्याचे चित्र घ्यावयाचे असल्यास निराश होण्याचे कारण नाही. मे महिन्यात माथेरानच्या घोड्याचे चित्र त्याच वेळी घेणे मात्र खरोखर कठीण आहे.

यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नाही. आपली स्वतःची सावली पाहावी. ती आपल्या उंचीएवढी असेल तर सूर्य ४५ अंशांवर आहे. ती उंचीहून लांब असेल तर कुशीस पाठीपेक्षा अधिक ऊन मिळेल. आखूड असेल तर कमी मिळेल. सावली उंचीच्या निम्म्याहून आखूड झाली म्हणजे सूर्य ६३ अंशांच्या वर गेला असे समजावे. मग पुढे सांगितलेल्या उपायांवाचून कुशीचे चांगले चित्र मिळणार नाही.

कातडीवरील चकाकी

घोड्याचा प्रत्येक केस म्हणजे एक बारीक, गुळगुळीत आवरणाचा दंड होय. त्यावर पडलेला काही प्रकाश केसात शिरतो आणि केसाचा रंग घेऊन बाहेर येतो. उरलेला काही प्रकाश पृष्ठभागावरूनच आरशाप्रमाणे परततो आणि त्यास केसाचा रंग मुळीच लागत नाही. हीच चकाकी. निरोगी, खरारा केलेल्या घोड्याचे केस एका दिशेने बसलेले असल्यामुळे त्याच्या अंगावर चकाकीचे लांब पट्टे दिसतात. काळ्या घोड्याच्या पाठीवर निळ्या आकाशाचे प्रतिबिंब पडून ती निळसर भासते.

ही चकाकी सर्वस्वी नाहीशी करणे इष्ट नाही. स्नायूंचे उंचवटे तिच्यावरूनच कळतात, आणि भोवऱ्याच्या ठिकाणी केसांची दिशा बदलते ती चकाकी तुटल्यामुळेच ध्यानात येते. परंतु चकाकीने खालचा रंग झाकून टाकला असेल, तर भिंगापुढे ध्रुवणकारी काच लावावी. केसांसारख्या अधातू पदार्थावरून परतणारा प्रकाश काही कोनांत मोठ्या प्रमाणात ध्रुवित झालेला असतो. केसांच्या बाबतीत हा कोन, पृष्ठभागावरील लंबापासून मोजल्यास, सुमारे ५७ अंश येतो. काच सावकाश फिरवीत गेल्यास चकाकी कमी होऊन लाल, कुमैत इत्यादी रंग उठून दिसू लागतात. या काचेमुळे निम्म्याहून अधिक प्रकाश अडतो. पण दुपारच्या उन्हात एवढा खर्च सहज परवडतो.

पालो आल्टो येथील प्रयोग

प्रखर ऊन हे संकट आहे असे मानणाऱ्यांनी एक ऐतिहासिक प्रसंग लक्षात ठेवावा. धावत्या घोड्याची गती उलगडून दाखविणारी पहिली प्रसिद्ध छायाचित्रे प्रखर उन्हामुळेच शक्य झाली.

घोडा धावताना त्याचे चारही पाय एकाच क्षणी जमिनीवरून सुटतात किंवा नाही, हा एकोणिसाव्या शतकातील वादाचा विषय होता. कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर आणि घोड्यांचे शौकीन लेलंड स्टॅनफर्ड यांनी एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारास याचा शोध घेण्यास सांगितले. त्यांनी मोठी पैज लावली होती अशी कथा प्रचलित आहे. तिला पुरावा मात्र मिळालेला नाही. त्या काळी काचेवर ओले कोलोडियन पसरून चित्र घेत असत. या काचेस सामान्य चित्रासाठी काही सेकंद प्रकाश द्यावा लागे, आणि धावता घोडा तर क्षणभरही थांबत नाही. १८७२ पासून केलेल्या प्रयत्नांनंतर जून १८७८ मध्ये पालो आल्टो येथील स्टॅनफर्ड यांच्या अश्वशाळेत मायब्रिज यांनी १२ कॅमेरे एका ओळीत मांडले. धावपट्टीवर आडवे दोरे ताणलेले होते. घोडीच्या धडकेने दोरा तुटला की विजेच्या साहाय्याने त्या त्या कॅमेऱ्याची झडप उघडून मिटत असे.

सॅली गार्डनर या घोडीच्या प्रसिद्ध चित्रमालेवर दिलेली माहिती अशी आहे : दोन चित्रांतील अंतर २७ इंच, काळ सुमारे १/२५ सेकंद, आणि प्रत्येक चित्राचा प्रकाशकाळ १/२००० सेकंदाहून कमी. घोडी एक मैल १०० सेकंदांत तोडण्याच्या वेगाने, म्हणजे सेकंदास सुमारे १६ मीटर, धावत होती. १/२००० सेकंदात तिचे धड केवळ ८ मिलिमीटर पुढे सरकते. म्हणूनच चित्र स्पष्ट आले. इतक्या अल्प काळात त्या मंद काचेवर चित्र उमटण्यास कॅलिफोर्नियाचे कडक ऊनसुद्धा अपुरे पडले असते. यासाठी घोडीच्या मागे पांढरी पार्श्वभूमी उभी केलेली होती. ती काचेवर भरपूर उजळली आणि तिच्यापुढे घोडी गडद छायाकृतीसारखी उमटली. कोलोडियन निळ्या प्रकाशास जागे होते, तांबड्यास जवळजवळ नाही. त्यामुळे तपकिरी रंगाचे जनावर अधिकच काळे येई.

या चित्रांत डोळ्यांचे पाणी किंवा अंगावरील केस दिसत नाहीत. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते ते मिळाले. भरधाव दौडीत चारही खूर एका क्षणी जमिनीवरून सुटतात. मात्र ते पुढेमागे ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. फ्रेंच चित्रकार जेरिको यांनी १८२१ मध्ये रंगविलेल्या एप्सम येथील शर्यतीच्या चित्रात घोडे चारही पाय ताणून हवेत तरंगताना दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही समजूत मायब्रिज यांच्या काळ्या छायाकृतींनी खोटी ठरविली. पुढे १८८० च्या दशकात फिलाडेल्फिया येथे त्यांनी अधिक संवेदनशील कोरड्या काचा वापरल्या, तेव्हा प्राण्यांच्या शरीराचे बारकावेही चित्रांत उतरू लागले.

या प्रयोगातून आपणांस घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. कठोर उन्हात सर्वच गोष्टी चित्रात येत नाहीत. काय आलेच पाहिजे आणि काय गेले तरी चालेल, हे आधी ठरवावे लागते. मायब्रिज यांस पायांची ठेवण हवी होती. त्यासाठी त्यांनी अंगाचा पोत सोडून दिला. ओळखीच्या नोंदीसाठी पांढऱ्या खुणा टिकल्या पाहिजेत. विक्रीच्या चित्रात चारही पाय आणि पाठीची रेषा दिसली पाहिजे.

सावलीत उजेड नेणे

सावलीतील भाग उजळण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे जमिनीची निवड. कोरडी फिकट वाळू आपल्यावर पडलेल्या उन्हाचा सुमारे एकतृतीयांश भाग वर फेकते, हिरवळ सुमारे एकचतुर्थांश, तर डांबरी रस्ता अगदी थोडा. घोडा वाळूवर अथवा फिकट मातीवर उभा केला, तर हनुवटी, छाती व पोट यांस खालून उजेड मिळतो. मात्र या उजेडास जमिनीचा रंग लागतो. हिरवळीवर उभ्या असलेल्या पांढऱ्या घोड्याचे पोट हिरवट दिसते आणि माथेरानच्या तांबड्या मातीवर ते तांबूस दिसते. रंगाची नोंद महत्त्वाची असेल तेथे याचे भान ठेवावे.

केवळ तोंडाचे चित्र घ्यावयाचे असल्यास पांढरी चादर उपयोगी पडते. ती घोड्यापुढे जमिनीवर पसरून कोपऱ्यांवर दगड ठेवावेत. ती हातात उंच धरल्यास वाऱ्याने फडफडून घोडा बुजतो. चादर आधी त्यास पाहू द्यावी, हुंगू द्यावी. लहान फ्लॅशचा प्रकाश दोनतीन मीटरपर्यंत कामाचा असतो. दहा मीटरांवरील संपूर्ण घोड्यास उन्हाच्या तुलनेत त्याचा काहीच लाभ होत नाही.

झाडाच्या सावलीचा मोह होतो, पण तेथे एक धोका आहे. पानांमधील फटी सूचिछिद्र कॅमेऱ्याप्रमाणे काम करतात आणि प्रत्येक फट सूर्याचे एक गोल प्रतिबिंब खाली टाकते. पाने घोड्याच्या पाठीपासून साडेतीन मीटर उंच असतील, तर ही वर्तुळे सुमारे तीन सेंटिमीटर व्यासाची असतात. चित्रात ती अंगावर कोड उठल्यासारखी दिसतात. त्यापेक्षा इमारतीची किंवा तबेल्याच्या छपराची सलग सावली घ्यावी. घोडा सावलीच्या कडेजवळ, तोंड मोकळ्या आकाशाकडे करून उभा करावा आणि त्याच्या मागे उन्हाने तळपणारी जमीन येणार नाही असे पाहावे.

घोड्याच्या डोळ्याविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याची बाहुली आडवी असते आणि तिच्या वरच्या कडेस गडद, कणीदार उंचवटे असतात. वरून येणाऱ्या उन्हापासून ते डोळ्यास आडोसा देतात असे मानले जाते. त्यात भुवईच्या हाडाची सावली मिळते. त्यामुळे दुपारच्या चित्रात डोळा निर्जीव दिसतो. मोतद्दाराने मान किंचित वर करून सूर्याच्या बाजूस वळविली, तर डोळ्यात प्रकाशाचा ठिपका उमटतो आणि चेहऱ्यास जिवंतपणा येतो.

प्रकाशाचे माप

स्वच्छ उन्हासाठी एक जुना व विश्वासार्ह नियम आहे. भिंगाचे छिद्र एफ १६ ठेवावे आणि आयएसओ अंकाइतक्या भागाचा सेकंद प्रकाशकाळ द्यावा. आयएसओ १०० असल्यास १/१०० सेकंद. उभ्या घोड्यास हे पुरते. धावत्या घोड्यासाठी आयएसओ ४०० व छिद्र एफ ५·६ घेतल्यास सुमारे १/३२०० सेकंदाचा काळ मिळतो. मायब्रिज यांस ज्यासाठी अनेक वर्षे खटपट करावी लागली, ते दुपारच्या उन्हात आज साध्या कॅमेऱ्यासही साधते.

कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापक मात्र प्रत्येक दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरते. म्हणून चौकटीत पांढरा घोडा भरला की ते चित्र गडद करते, आणि काळा घोडा भरला की चित्र फिके करून त्याच्या अंगावरील चकाकी पार जाळून टाकते. अंकीय कॅमेऱ्यात जळालेला पांढरा भाग पुन्हा मिळविता येत नाही. सावलीतील भाग पुढे काही प्रमाणात उजळता येतो. यासाठी आधी पांढऱ्या खुणांपुरते माप बसवावे आणि मग सावलीचा विचार करावा. मोबाइलमधील कॅमेरा पुष्कळदा पाठोपाठ घेतलेली अनेक चित्रे जोडून ऊन व सावली सांधतो. उभ्या घोड्यास ही सोय उत्तम. धावत्या घोड्याचे पाय मात्र तीत दुहेरी उमटण्याचा संभव असतो.

उभे राहण्याचे अंतरही विचारपूर्वक ठरवावे. अगदी जवळून घेतलेल्या चित्रात डोके मोठे आणि मागचा भाग लहान दिसतो. फार दुरून घेतल्यास तापलेल्या जमिनीवरील हवेच्या लहरी चित्र थरथरते करतात. दहा ते पंधरा मीटर हे अंतर पुष्कळदा सोयीचे ठरते.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

एक सोललेला पण शेंडी असलेला नारळ घ्या. भर दुपारी तो उन्हात प्रथम काळ्या कापडावर आणि नंतर पांढऱ्या कापडावर ठेवा. दोन्ही वेळा त्याच जागेवरून, कॅमेऱ्याचे माप न बदलता छायाचित्र घ्या. खालच्या बाजूचे धागे कोणत्या चित्रात मोजता येतात ते पाहा. हाच प्रयोग दुपारी चार वाजता पुन्हा करा, आणि प्रत्येक वेळी शेजारी उभ्या केलेल्या एक फूट लांबीच्या पट्टीची सावली मोजून ठेवा. सावलीची लांबी आणि चित्राचा दर्जा यांचा संबंध विद्यार्थ्यांच्या आपोआप ध्यानात येईल.

घोड्याची सोय

शेवटी, घोडा हा नारळ नव्हे, याचे विस्मरण होऊ नये. जागा, माप व पांढरे कापड यांची सर्व तयारी घोडा सावलीत असतानाच करावी. त्यास उन्हात आणावे ते शेवटच्या काही मिनिटांसाठी. अंधाऱ्या तबेल्यातून एकदम उन्हात आणल्यास त्याच्या डोळ्यांस सरावण्यास वेळ लागतो, तेवढा वेळ द्यावा. त्यास जवळजवळ सर्व बाजूंचे दिसते, परंतु ठीक पाठीमागचे दिसत नाही. म्हणून कॅमेरा घेऊन मागून जाऊ नये. काम संपताच त्यास सावलीत न्यावे आणि पाणी दाखवावे. उन्हात कासावीस झालेला घोडा कान पाडून, मान खाली घालून उभा राहतो, आणि मग प्रकाशाचे गणित कितीही अचूक असले तरी त्या घोड्याचे खरे रूप चित्रात येत नाही.